डेंजर, कॉशन आणि पाण्याची हजेरी

मला इंग्रजीचे दोनच शब्द येतात. डेंजर आणि कॉशन. दोन्ही मी पत्र्यावर माझ्या हाताने रंगवले, खांद्यावर वाहिले, चिखलात रोवले आणि उपटलेही. शाळा माझी मराठी तिसरीपर्यंत, तेव्हा दोन शब्द काही कमी नाहीत. ज्यांना हजार येतात त्यांतल्या पुष्कळांना या दोघांतला फरक ठाऊक नसतो, हे मी नोकरीभर डोळ्यांनी बघितलं आहे.

महाडच्या दिवाळी अंकवाल्यांनी मला लिहा म्हणून सांगितलं. त्यांना दरडीची गोष्ट पाहिजे. धोंडू मुकादमाने वरंध घाटात मोटार कशी अडवली आणि माणसं कशी वाचवली, ती. ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खोटी आहे. खरी काय झाली ते पुरतं चार माणसांनाच ठाऊक होतं. त्यातले एक बदली होऊन गेले, एक अजून गाडी चालवतो, एक मी. आणि चौथं माणूस गेल्या वर्षी श्रावणात गेलं. यंदा वर्षश्राद्ध झालं. म्हणून लिहायला बसलो आहे, नाहीतर माझ्या हाताला फावडं बरं पडतं.

त्या माणसाचं नाव द्वारका. माझी बायको. ती होती तोवर मी चारचौघांत कधी नाव घेतलं नाही, तशी आमच्यात रीत नाही. आता घेतो. कागदावर एकदा तरी आलं पाहिजे.

आधी कामाचं सांगतो. महाडहून भोरला जाणारा रस्ता वरंध गावापुढे चढायला लागतो. त्या चढावरचे चार मैल माझ्याकडे होते. आता मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे लावलेत, पण मला किलोमीटरमध्ये दमायला होत नाही, तेव्हा मैलच म्हणतो. हाताखाली टोळी. उन्हाळ्यात खडी फोडायची, मुरूम टाकायचा, खड्डे बुजवायचे. पावसाळ्यात बायाही हजेरीवर घ्यायचो, घमेली वाहायला, द्वारकाही त्यांत. तेव्हाचं खरं काम म्हणजे गटार उघडं ठेवणं. लोकांना वाटतं रस्ता गाड्यांनी खराब होतो. गाड्या काय, वरचं कातडं सोलतात. रस्ता मारतं ते पाणी. वरून आलेलं पाणी गटारातून रस्त्याखालच्या मोरीत आणि मोरीतून दरीत गेलं तर रस्ता जगला. कुठे पालापाचोळा अडकला, पाणी तुंबलं, रस्त्याच्या पोटात शिरलं, की समजा गेला. म्हणून माझ्या टोळीतला माणूस गाडीकडे बघत नसे. पाण्याकडे बघत असे.

आणि बोर्ड. स्टोअरमध्ये दोन जातीचे पत्रे असत. तांबड्यावर पांढरी अक्षरं, तो डेंजर. पिवळ्यावर काळी अक्षरं, तो कॉशन. दर मिरगाच्या आधी आम्ही घरीच ते नव्याने रंगवायचो, जुन्या अक्षरांवरूनच ब्रश फिरवायचा. द्वारका पत्रा धरायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण डेंजरचं पहिलं अक्षर तिला धनुष्यासारखं दिसायचं आणि कॉशनचं विळ्यासारखं. "इळ्याचा वाळलाय, धनुष्याचा अजून वला हाय," असं सांगायची. माझ्यापेक्षा तिचं बरं. मी अक्षरं मोजायचो, डेंजर सहा, कॉशन सात.

माझ्या आधीचे म्हातारे मुकादम सगळीकडे डेंजरच लावायचे. खड्डा पडला, डेंजर. डांबर ओलं आहे, डेंजर. कठड्याचा एक दगड निसटला, डेंजर. बैल मरून पडला तर त्याच्या उशाशी डेंजर. मला म्हणायचे, "धोंडू, उद्या कोण मेला तर साहेब काय इचारंल? बोर्ड व्हता काय? व्हता. सुटलो." मी मुकादम झालो आणि तेच पुढे चालवलं. आमच्या चार मैलांत नऊ डेंजर. कॉशनचे पत्रे स्टोअरमध्ये गंजत पडलेले.

त्याचं फळ काय? कासमभाई म्हणून महाडचा डायवर होता, भोरची प्रवासी मोटार चालवायचा. आमच्या चुलीपाशी चहाला थांबायचा तेव्हा भिजलेला पंचा डेंजरच्या बोर्डावर वाळत घालायचा. मी एकदा रागावलो.

"अरे, सरकारी बोर्ड आहे तो."

"धोंडूशेट, तुझा डेंजर म्हणजे माझ्या सासूचं रागावणं. रोजचंच. ज्या दिवशी ती गप्प बसते त्या दिवशी मी घाबरतो."

दुसरा एक नमुना. वरंधच्या अलीकडच्या एका वाडीतल्या शेतकऱ्याने आमचा एक डेंजर उचलून नेला आणि आपल्या फणसाला ठोकला. मी मागायला गेलो.

"कशाला नेलास रे?"

"वानरं फनस फोडतात."

"वानरांना इंग्रजी येतं काय?"

"नाय येत. पन तुमच्या डायवरांना तरी कुठं येतं? तुमी लावताच ना?"

 मी बोर्ड तेवढा उपटून आणला.

मग पुण्याकडचे एक नवे ओव्हरसियर आले. वय तिशीचंही नसेल. पहिल्याच फेरीत त्यांनी जीप थांबवून मला विचारलं, "मुकादम, या चार मैलांत नऊ ठिकाणी मरण आहे?"

"नाय साहेब."

"मग नऊ ठिकाणी डेंजर कसा?"

म्हटलं, पहिल्यापासून आहे. त्यांनी दोन्ही जातीचे पत्रे मागवले, कठड्याला टेकवून उभे केले आणि सगळ्या टोळीला समोर बसवून समजावलं. शिकवण्याची हौस होती त्यांना. म्हणाले, "कॉशन म्हणजे रस्ता चालू आहे, पण डोळे उघडे ठेव. जायचं की नाही, कसं जायचं, ते जाणाऱ्याने ठरवायचं. डेंजर म्हणजे ठरवायचं काम आपण करून टाकलेलं आहे. तिथे जाणाऱ्याला विचारायचं नाही. रस्ता बंद." आणि नियम घालून दिला. कॉशन मुकादमाने आपल्या अकलेने लावावा. डेंजर फक्त त्यांच्या चिठ्ठीवर, आणि लावला तर नुसता पत्रा नाही, दोन पिंपं आणि दगडांची रांग आडवी टाकून. त्याच दिवशी नऊच्या नऊ डेंजर निघाले.

मला राग आला होता, लपवत नाही. पण एका पावसाळ्यात फरक दिसला. पिवळा पत्रा दिसला की डायवर गाडी सावकाश घ्यायला लागले, कारण आता तो असेल तिथे खरंच काहीतरी असायचं. कासमभाईचा पंचा कठड्यावर वाळायला लागला. साहेबाचा नियम पुढे साहेबाच्याच अंगावर आला, पण नियम चुकीचा नव्हता. तो मी आजही सांगतो.

साहेबांनी शिकवलं त्या दिवशी द्वारका बायांत मागे बसली होती. घरी जाताना म्हणाली, "म्हंजे कॉशन म्हंजे जपून जा, नि डेंजर म्हंजे जाऊच नको."

"हां."

"मंग ह्याला इंग्रजी कशाला पायजे? आई करते तसंच हाय. येकदा म्हनते जपून जा. येकदा दारात आडवी व्हते."

साहेबांना तासभर लागला होता ते तिने दोन वाक्यांत उरकलं. तिचं माहेर उमरठच्या वरच्या अंगाची एक वाडी. आख्ख्या वाडीला पाणी एका झऱ्याचं. झरा बिनपावसाचा गढूळ झाला की तिथली जुनी माणसं आधी गुरं सोडून द्यायची आणि मग पोरंबाळं घेऊन दुसऱ्या अंगाला जाऊन बसायची. हे ती मला लग्नानंतर कधीतरी बोलली होती. मी ऐकून सोडून दिलं होतं.

आता तो दिवस.

गौरी यायच्या होत्या त्या दिवशी. चार दिवस पावसाची झड होती, आणि त्या सकाळी उघडलं. चांगलं ऊन पडलं. आम्ही जांभळीच्या वळणावर गटार उपसत होतो. त्या वळणावर, वरच्या दरडीच्या पोटातून, एका मोठ्या धोंड्याखालून पाणी पाझरायचं. बारमाही, थंडगार, तळ दिसेल असं. टोळी तेच प्यायची, डायवर गाडीत तेच घालायचे. द्वारका चहाचं पाणी आणायला गेली आणि किटलीच्या झाकणात थोडं पाणी घेऊन परत आली.

"अवो, ह्ये बघा."

तांदूळ धुतल्यावर निघतं तसं पाणी होतं.

म्हटलं, "पावसाचं असेल."

"पाऊस कुठं हाय? झड व्हती तवा नितळ व्हतं. आता उघडलं तर गढूळ. ही माती वरनं नाय आली, पोटातनं येते. डोंगर आतनं सुटलाय. रस्ता बंद करा."

"साहेबाची चिठ्ठी नाय गो."

"डोंगर थांबनार हाय काय तुमच्या चिठ्ठीला?"

तेव्हा मी कच्चा मुकादम होतो. कायम करण्याचा माझा कागद महाडच्या कचेरीत सहीसाठी गेला होता. विनाहुकूम रस्ता अडवला तर तो कागद गेला, आणि मुकादमीही गेली. सणाचा दिवस, वर ऊन, रस्त्याला एक चीर नाही. पण तिचं तोंड बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, टोळीला सांगितलं, पिंपं आडवी टाका. वळणाच्या दोन्ही अंगांना. तांबडा पत्रा लावला. इथवर तुमची गोष्ट खरी आहे.

अर्ध्या तासाने भोरकडून कासमभाईची मोटार उतरली. आत तीसेक माणसं, निम्म्या बाया, सगळ्यांना घरी गौरी आणायच्या. मोटार थांबली तशी सगळी खाली उतरून माझ्या अंगावर आली. एक म्हातारी तर पदर खोचूनच आली.

"काय रे मेल्या, माझी सून एकटी हाय घरात. गौर काय उंबऱ्याभायेर उभी ठेवू? कुठं पडलाय तुझा डोंगर? दाव मला."

"पडला नाय आजी. पडेल."

"पडेल? तू काय देवऋषी हायस?"

कासमभाई चाकाला पाय लावून हसत होता. "धोंडूशेट, सासू पुन्हा रागवायला लागली वाटतं!"

तासभर गेला. डोंगर जागचा हलला नाही. प्रत्येक मिनिटाला मी वेडा ठरत होतो. आणि मग खालून जीप आली. साहेब स्वतःच फेरीला निघालेले. पिंपं बघितली, उतरले, वळण चालत पार करून आमच्याकडे आले. कान तांबडे झालेले.

"कोणाच्या हुकमाने?"

मी फावडं खाली ठेवलं.

"मुकादम, मी विचारतो आहे."

"पाणी गढूळ आलंय साहेब."

"पावसाळ्यात पाणी गढूळ नाही येणार तर कधी येणार? दरड बघितली मी. एक दगड हललेला नाही. हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

आता लिहितो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "बायको म्हणाली." सगळी माणसं हसली. म्हातारी हसली, कासमभाई हसला. आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. म्हणजे बघा, बायकांचं काय ऐकायचं, असं. द्वारका दहा पावलांवर किटली घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

साहेब म्हणाले, "डेंजर काढा. कॉशन लावा. माणसं चालत पलीकडे जातील, मोटार रिकामी, सावकाश काढायची." घाटात वाईट जागी हीच पद्धत आहे. साहेब बेजबाबदार नव्हते. मी माझ्या हाताने तांबडा पत्रा उपटला आणि पिवळा रोवला. माझ्या हाताने. गोष्ट सांगणारे हे सोडून देतात.

माणसं एकेक करून वळण पार करून गेली. म्हातारी जाताना माझ्या नावाने बोटं मोडून गेली. पिंपं बाजूला झाली. कासमभाई गाडीत बसला, इंजिन सुरू केलं, आणि गिअर टाकायच्या आधी त्याने खिडकीतून डोकं काढलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"वहिनी, तुम्ही सांगा. जाऊ?"

द्वारका म्हणाली, "मी कोन सांगनार, भाई? बोर्डाला इचार. पन मी तुझी बहीन असते तर दारात आडवी झाले असते."

 कासमभाईने झऱ्याकडे बघितलं. मग इंजिन बंद करून खाली उतरला.

साहेब ओरडले, "काय झालं?"

"साहेब, हा बोर्ड कॉशन आहे ना?"

"मग?"

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगितलंत. कॉशन म्हणजे चालवणाऱ्याने बघायचं आणि ठरवायचं. मी बघितलं. मी नाही जात."

 साहेबांचाच शब्द होता. डेंजर त्यांनी स्वतःच काढायला लावला होता, आता सक्ती करायला जागा उरली नव्हती. म्हणाले, "तुझ्या मालकाला कळवतो." कासमभाई म्हणाला, "कळवा. पण मालकालाच येऊन चालवायला सांगा." मोटार वळणाच्या वर कडेला लागली. माणसं चालत वरंधपर्यंत उतरली, गौरी संध्याकाळच्या आत घरी पोचल्या. आणि मला वाटलं, माझा कागद गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी वळणाच्या खाली पाव मैलावर होती. ऊनच होतं. आधी एक आवाज आला, कोणी लांबवर धान्याची रास ओतावी तसा. मग जमीन हलली. आम्ही पोचलो तेव्हा जांभळीच्या वळणावर पन्नास पावलं रस्ता नव्हताच. धोंडा, झरा, कठडा, पिवळा पत्रा, सगळं दरीत. पलीकडे कासमभाईची मोटार ऊन खात उभी. पंधरा दिवस ती भोरच्या अंगालाच अडकली होती.

साहेब दुपारी आले. काठावरून खाली बघितलं. मग डोक्यावरची हॅट काढून बायांच्या घोळक्याकडे गेले आणि म्हणाले, "बाई, ते पाणी मला दाखवा."

द्वारका म्हणाली, "आता कुठलं दावू साहेब? त्यो झरा गेला. पन अजून पाच हायेत तुमच्या रस्त्याला. त्ये दावते."

आणि दाखवले. चारही मैल चालली त्यांच्याबरोबर. तेव्हापासून पाण्याची हजेरी सुरू झाली. हे दुसऱ्या कुठल्या घाटात नसेल. पावसाळ्यात रोज सकाळी, माणसांची हजेरी घ्यायच्या आधी, पाच झऱ्यांखाली पाच पांढऱ्या काचेच्या बाटल्या भरायच्या आणि आणून कठड्यावर ओळीने ठेवायच्या. उजेडात बघायचं. नितळ असेल तर ठीक. पाणी वाढलंय पण नितळ आहे, तर कॉशन. पाऊस नाही आणि पाणी गढूळ, तर डेंजर. बाटल्या कासमभाईने आणून दिल्या, सरबताच्या. साहेब म्हणाले, "बाईंनी सांगितलं की डेंजर लावायचा. माझी चिठ्ठी नको." हे तोंडी. कागदावर असलं काही लिहिता येत नाही म्हणाले.

कागदावर काय लिहिलं ते मला महाडच्या कारकुनाने वाचून दाखवलं. मुकादमाच्या दक्षतेमुळे प्राणहानी टळली. त्या एका ओळीवर मी कायम झालो. महाडात शाल-नारळ झाला. साहेबांनी मनापासून केलं, मला वाचवायला केलं. हजेरीवरच्या बाईचं नाव वर पाठवलं असतं तर माझं हसू झालं असतं, आणि त्यांचंही. मी त्या दिवशी उठून म्हणायला पाहिजे होतं की बोर्ड मी काढला होता. नाही म्हणालो. शाल द्वारकेनेच पुढे दोन पावसाळे डोक्यावर घेऊन कामावर वापरून फाडली. बरं केलं.

मी एकदा तिला विचारलं, "तुला राग नाय आला? मी हसलो तवा?"

म्हणाली, "आला ना. पन तुमाला त्या टायमाला रागवून काय उपेग? मला गाडी थांबवायची व्हती."

पुढच्या बारा-तेरा पावसाळ्यांत आम्ही तीनदा डेंजर लावला. दोनदा दरड आली. एकदा काहीच झालं नाही, दोन दिवस रस्ता फुकट बंद राहिला आणि लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या. द्वारका म्हणाली, "नाय पडली तर नाय पडली. पडायलाच पायजे असं थोडंच हाय?" कासमभाई रोज लांबूनच ओरडायचा, "वहिनी, आज सगळी हजर?" ती ओरडायची, "हजर! पाचीबी नितळ!" मग तो हॉर्न वाजवून निघून जायचा.

तर रस्त्याचं मला कळतं. या चार मैलांत माझ्या वेळेला दरडीने एक माणूस गेला नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. घरचं कळलं नाही.

शेवटच्या तीन पावसाळ्यांत ती चढावर थांबायला लागली. आधी एकदा, मग दोनदा. संध्याकाळी पायाला सूज दिसायची, बोट दाबलं की खळगा राहायचा. मी म्हणायचो, जपून चाल. घमेलं अर्धंच भर. ती म्हणायची, "रोजचंच हाय ह्ये." डोंगराचं पाणी जरा पालटलं की ओळखणारी बाई आपलं मात्र रोजचंच म्हणत राहिली, आणि मी ऐकत राहिलो. आता कळतं मी काय करत होतो. मी तिला पिवळा पत्रा दाखवत होतो. तूच बघ, तूच ठरव. ठरवायचं ते तिच्यावर टाकून मी मोकळा. घरात तांबडा पत्रा लावायला मला कोणाची चिठ्ठी लागत नव्हती. दारात आडवं व्हायचं होतं, एवढंच. झालो नाही. पावसाळ्यात टोळीला बाया कमी होत्या, आणि बाटल्या तिच्यासारख्या कोणाला वाचता येत नव्हत्या.

गेल्या श्रावणात ती झऱ्यापाशीच खाली बसली. कासमभाईने गाडीतली माणसं उतरवली आणि तिला एकटीला महाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने मला विचारलं, "सूज कधीपासून आहे?" मला सांगता येईना. पाच झऱ्यांपैकी कुठला कुठल्या वर्षी कुठल्या नक्षत्रात पालटला ते मी झोपेतसुद्धा सांगेन. हे सांगता येईना. डॉक्टर भला माणूस. छातीचं काम थकलं आहे, एवढंच म्हणाला.

चार दिवस मी तिच्या उशाशी होतो. चौथ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. बाहेर ऊन पडलेलं दिसत होतं खिडकीतून.

"अवो."

"काय गो?"

"पानी बघितलंत काय आज?"

चार दिवस मी तिथून हललो नव्हतो. वरंधचा रस्तासुद्धा बघितला नव्हता.

"बघितलं," मी म्हणालो. "पाचीबी नितळ हायेत."

"मंग जाऊ द्या गाड्या," ती म्हणाली.

दुपारी गेली.

तेरावा झाल्यावर मी कामावर गेलो. कठड्यावर पाच बाटल्या ओळीने भरून ठेवलेल्या होत्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं. टोळीतली सोनाबाई म्हणाली, रोज भरतो आम्ही, ती नसली म्हणून काय झालं. मी तिला विचारलं, ती गेली त्या दिवशीचं पाणी कसं होतं, आठवतं काय?

"आठवतं ना मुकादम. लई वेळ बघितलं त्या दिशी, आमाला वाचाया येत नाय म्हनून. नितळ व्हतं. पाचीबी."

मी कठड्यावर बसलो. खोटं बोललो नव्हतो मी तिच्याशी.